लेविनची पात

लिओ टॉलस्टॉय यांच्या 'ॲना कॅरेनिना'च्या तिसऱ्या भागात दोन प्रकरणं अशी आहेत, की त्यांत एक माणूस गवत कापतो आणि बाकी काही घडत नाही. लेविन नावाचा तिशी ओलांडलेला जमीनदार लांब दांड्याचा विळा घेऊन आपल्याच ४२ मजुरांच्या रांगेत उतरतो आणि दिवस मावळेपर्यंत कापत राहतो. ना प्रेम, ना भांडण, ना कुठलं गुपित उघडं पडतं. जगभरातले कितीतरी वाचक इथं अडखळतात. ॲना कुठे गेली म्हणून पुढची पानं चाळतात, काही जण पुस्तकच मिटून ठेवतात. रशियन कादंबरी अवघड असते, हे त्यांचं मत इथं पक्कं होतं.

हीच पानं परभणी जिल्ह्यात, समजा पोखर्णीत बसून वाचली, तर उलट घडेल असं मला मनापासून वाटतं. इथल्या वाचकाला चाचपडावं लागेल ते पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यात. तिथले हुद्दे, तिथली फ्रेंच वाक्यं, नाचाचे समारंभ त्याला परके आहेत. कुरणात उतरला की मात्र तो ओळखीच्या रानात येतो. खुरपणीला, काढणीला बायामाणसं पात धरतात. प्रत्येकाच्या वाट्याला रानाची एक पट्टी येते, पुढचा सरकला की मागच्यानं त्याला गाठायचं, धुऱ्याला पोचेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. लेविन तेच करतो. त्याच्या पुढं टीत नावाचा किरकोळ अंगाचा मजूर आहे आणि तो मालक मागं आहे म्हणून जराही हळू होत नाही. लेविनची पहिली पात वाकडीतिकडी कापली जाते, मागून म्हातारा मजूर पातं कसं धरायचं ते सांगतो, आणि मालक निमूटपणे ऐकतो.

मग टॉलस्टॉय एक गोष्ट इतकी नेमकी पकडतात की वाचताना अंगावर काटा येतो. काही वेळानं लेविनला आपण काय करतोय याचा विसर पडतो, आणि त्या विसरात त्याची पात टीतच्या पातीसारखी सरळ उतरते. आता आणखी चांगलं कापू, असं मनात आलं रे आलं की हात जड होतात आणि पात बिघडते. किती वेळ झाला असं कुणी विचारलं असतं, तर तो अर्धा तास म्हणाला असता. प्रत्यक्षात जेवणाची वेळ झालेली असते. हाताला सवयीचं काम करताना मन कुठं जातं, यावर पुढच्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहिले. टॉलस्टॉयना ते कुरणातच कळलं होतं, कारण ते स्वतः आपल्या शेतकऱ्यांबरोबर गवत कापायला उतरत. आणि खुरपं चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ते कुणी सांगावं लागत नाही.

दुपारी तो म्हातारा एका भांड्यात पाव कुस्करतो, धार लावायचा दगड ज्या डब्यात ठेवतात त्यातलं पाणी ओततो, मीठ टाकतो आणि पूर्वेकडं तोंड करून प्रार्थना म्हणतो. लेविनला घरी जेवायला जायचं असतं, पण तो तिथंच बसतो आणि म्हाताऱ्याबरोबर तो काला खातो. त्याआधी त्यानं त्याच डब्यातलं कोमट पाणी प्यायलेलं असतं. त्यात गवताचे कण तरंगत असतात, पत्र्याच्या गंजाची चव असते, आणि इतकं गोड पाणी आपण कधी प्यालो नाही असं त्याला वाटतं.

या सगळ्यात टॉलस्टॉय एक आकडा सहज ठेवून जातात. जे मोठं कुरण या मंडळींनी त्या दिवशी कापून काढलं, ते पूर्वी वेठबिगारीच्या काळात ३० विळ्यांना दोन दिवस पुरायचं. या एका वाक्यात अख्खा रशियन इतिहास आहे, आणि तो कळला की कादंबरीचं दुसरं कुलूप उघडतं.

१८६१ साली झार दुसरा अलेक्झांडर यानं जमीनदारांच्या मालकीच्या दोन कोटींहून जास्त शेतकऱ्यांना मुक्त केलं. त्याआधी माणसं जमिनीबरोबर विकली जात. मुक्ती मिळाली, पण जमीन फुकट मिळाली नाही. सरकारनं जमीनदाराला मोबदला दिला आणि तो शेतकऱ्याकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचं ठरवलं. १९०५ च्या क्रांतीनंतर, १९०७ पासून हे हप्ते रद्द झाले. कादंबरी घडते ती १८७० च्या दशकात, म्हणजे मुक्तीला जेमतेम दहा-पंधरा वर्षं झालेली असताना. मालकाला मालकी कशी करावी कळत नाही, मजुराला नवं स्वातंत्र्य कुठं वापरावं कळत नाही. जुनं मोडलंय, नवं बसलेलं नाही.

लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला हे तळटीप वाचून समजून घ्यावं लागतं. मराठवाड्याला ते घरातच ऐकायला मिळालेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. कुणाच्या आजोबांची जमीन गेली, कुणाच्या आजोबांना मिळाली, कुणाच्या नावावर यायची ती आलीच नाही. अशा उलथापालथीच्या काळात माणसं कशी बोलतात, कुठं गप्प बसतात, जुन्या मालकासमोर कशी उभी राहतात, हे ज्या प्रदेशानं पाहिलं, तिथला वाचक लेविनच्या बैठकीत बसू शकतो. परभणीत सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत बी. रघुनाथ यांनी 'आडगावचे चौधरी' लिहिली. सातोन्याला १९१३ साली जन्मलेला आणि १९५३ मध्ये अवघ्या चाळिशीत गेलेला हा लेखक ज्यानं वाचला आहे, त्याला टॉलस्टॉयकडं जायला लांबची वाट नाही.

लेविन शेतीवर एक पुस्तक लिहितोय. त्याचं म्हणणं असं, की शेतीशास्त्र जमीन आणि हवामान या दोन गोष्टी गृहीत धरतं, पण तिसरी विसरतं, ती म्हणजे मजूर. मजुराचा स्वभाव, त्याची सवय, त्याचं मन हेही जमिनीइतकंच पक्कं वास्तव आहे. ते धरूनच शेतीचा विचार व्हायला हवा. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आणि तिथल्या एखाद्या विद्यार्थ्यानं जर कधी 'ॲना कॅरेनिना' उघडली तर या एका कल्पनेसाठी त्यानं ती शेवटपर्यंत वाचावी. त्याच्या विद्यापीठाच्याही शंभरेक वर्षं आधीच्या एका काल्पनिक जमीनदारानं त्याच्या विषयातला कळीचा प्रश्न विचारून ठेवला आहे.

आणि हा प्रश्न त्याला पुस्तकातून सुचत नाही, नुकसानीतून सुचतो. बियाण्यासाठी राखलेलं सगळ्यात चांगलं घासाचं रान मजूर कापून टाकतात, कारण ते कापायला सोपं असतं. नवी यंत्रं मोडतात. तीन उत्तम वासरं कापलेल्या घासाच्या फुटव्यावर सोडली जातात, पाणी न पाजता, आणि फुगून मरतात. वर मजूर लेविनचं सांत्वन करतात की शेजाऱ्याची तर तीन दिवसांत ११२ जनावरं गेली. कोवळ्या ज्वारीत शिरलेलं जनावर कसं दगावतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला लेविनच्या पोटातला गोळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. टॉलस्टॉय इथं कुणालाच दोषी ठरवत नाहीत. मजुरांना लेविन आवडतो, त्याचं वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नाही. फक्त त्याचं हित त्यांचं हित नाही. पाडव्याला साल ठरवून सालगडी ठेवणाऱ्यानं आणि सालगडी म्हणून राबलेल्यानं, दोघांनी हे प्रकरण वाचावं. दोघांनाही आपली बाजू खरी वाटेल, आणि टॉलस्टॉयना नेमकं तेच करायचं आहे.

मोंढ्यात माल घेऊन गेलेल्या माणसासाठीही एक प्रसंग आहे. ॲनाचा भाऊ स्तिवा बायकोच्या वाट्याचं जंगल र्‍याबिनिन नावाच्या व्यापाऱ्याला ३८ हजार रुबलला विकतो: आठ हजार आगाऊ, बाकीचे सहा वर्षांत. सौदा झकास झाला असं त्याला वाटतं. लेविन एकच विचारतो, झाडं मोजलीस का? स्तिवा हसतो, झाडं कुणी मोजतं का! लेविन सांगतो की व्यापाऱ्यानं नक्की मोजली असतील. स्तिवाचा उमदेपणा, त्याचा आळस, त्याचं सगळ्यांना आवडणं आणि त्याच्या बायकोचं हळूहळू कंगाल होणं, हे सगळं त्या न मोजलेल्या झाडांत आहे.

आता नावांबद्दल, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. एकच माणूस कधी लेविन, कधी कोन्स्तान्तिन द्मित्रियेविच, कधी नुसता कोस्त्या. इंग्रजी वाचक इथं गांगरतो. मराठी माणसानं घाबरायचं काही कारण नाही, कारण रचना आपलीच आहे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, त्याच क्रमानं. द्मित्रियेविच म्हणजे द्मित्रीचा मुलगा. ॲना अर्कादियेव्हना आणि स्तेपान अर्कादियेविच (म्हणजे स्तिवा) ही बहीणभावंडं आहेत हे मधल्या नावावरूनच कळतं. फरक एवढाच, की आपल्याकडं लग्नानंतर बाईच्या नावात नवऱ्याचं नाव येतं, रशियात मधलं नाव वडिलांचंच राहतं. ॲनाचं आडनाव नवऱ्याचं, पण चारचौघांत तिला हाक मारतात ती अर्काद्याची लेक म्हणून. मानानं बोलवायचं तर नाव आणि वडिलांचं नाव, घरात लाडाचं नाव, परक्यासमोर आडनाव. कागदावर एक, घरात दुसरं आणि गावात तिसरंच नाव असलेली माणसं ज्या गावात दर घराला आहेत, तिथल्या वाचकाला दोन-तीन बैठकींत हे सवयीचं होतं. पहिल्या पानावर कागद ठेवून नावं टिपून घ्यावीत, एवढी तयारी पुरे.

जाडीचीही भीती नको. कादंबरीचे आठ भाग आणि २३९ प्रकरणं आहेत, म्हणजे प्रकरणं बहुतेक छोटी, चार-सहा पानांची. ती मुळात एका बैठकीत वाचायला लिहिलेलीच नव्हती. जानेवारी १८७५ पासून 'रूस्की वेस्तनिक' या मासिकात ती तुकड्या-तुकड्यानं येऊ लागली आणि १८७७ च्या वसंतापर्यंत येत राहिली. मध्ये महिनोन्‌महिने खंड पडले. पहिल्या वाचकांना पुढचा हप्ता कधी येईल ठाऊक नसायचं. तेव्हा आजच्या वाचकानं रोज एक प्रकरण वाचून सात-आठ महिने घेतले तर तो त्या पहिल्या वाचकांपेक्षा घाईतच आहे.

पोखर्णी हे नृसिंहाचं गाव. परभणी–परळी रेल्वेमार्गावरच्या स्थानकाच्या पाटीवरही 'पोखर्णी नृसिंह' असंच नाव आहे. रेल्वे हा या कादंबरीचा कणा आहे. मॉस्को–पीटर्सबर्ग रेल्वे १८५१ मध्ये सुरू झाली, आपली बोरीबंदर–ठाणे १८५३ मध्ये. दोन्हीकडच्या माणसांना लोखंडी रुळांचा अचंबा जवळजवळ एकाच वेळी वाटत होता. ॲना पहिल्यांदा दिसते ती मॉस्कोच्या स्थानकावर, आणि त्याच वेळी रेल्वेचा एक माणूस गाडीखाली सापडून मरतो. परतीच्या रात्री हिमवादळात बोलोगोवोच्या फलाटावर तिच्या प्रेमात पडलेला व्रोन्स्की तिला गाठतो. तिचा शेवट होतो तो मॉस्कोजवळच्या ओबिरालोव्का स्थानकात, गाडीखाली. ही कल्पना टॉलस्टॉयना हवेतून सुचली नव्हती. जानेवारी १८७२ मध्ये त्यांच्या शेजारच्या जमीनदाराच्या घरात राहणाऱ्या ॲना पिरोगोवा या बाईनं यासेन्की स्थानकात मालगाडीखाली जीव दिला. टॉलस्टॉय तिथं गेले आणि त्यांनी तिचा देह पाहिला. आणि १९१० मध्ये घर सोडून निघालेले टॉलस्टॉय स्वतः मेले तेही अस्तापोवो नावाच्या लहानशा रेल्वे स्थानकात, स्टेशनमास्तरच्या घरी.

त्या मॉस्को–पीटर्सबर्ग मार्गावर त्वेर नावाचं शहर लागतं. चारशे वर्षांआधी, १४७० च्या आसपास, त्वेरचाच एक व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बीदरला आला, बहामनी दरबाराचं वैभव त्यानं डोळे भरून पाहिलं आणि लिहून ठेवलं. बीदर परभणीला परकं नाही. रशियन भाषेतल्या जुन्या, मोलाच्या प्रवासवर्णनात दख्खन आहे, हे आठवलं की ॲनाची गाडी ज्या बर्फातून जाते तोही मुलूख फार दूरचा वाटत नाही. इकडून तिकडंही माणूस गेला होता: १९६१ साली अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' त्यांनी लिहिला.

दुष्काळाचाही एक धागा आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त हलवतो. ज्या १८७३ साली टॉलस्टॉयनी ही कादंबरी लिहायला घेतली, त्याच उन्हाळ्यात ते समारा प्रांतातल्या आपल्या जमिनीवर गेले होते. ओळीनं तिसरं पीक बुडालं होतं. टॉलस्टॉयनी गावातल्या दर दहा घरांमागे एक घर धरून नोंद केली: खाणारी तोंडं किती, कामाची माणसं किती, जनावरं किती, पेरलं किती, आलं किती, कर्ज किती. कुठलंही विशेषण न लावता ती यादी त्यांनी मॉस्कोच्या वर्तमानपत्रात छापायला दिली आणि देशभरातून मदत उभी राहिली. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, सुकडीची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवून कादंबरी वाचावी. रेशमी झग्याच्या घडीचं वर्णन करणारा हात त्याच वर्षी उपाशी घरांची मोजदाद करत होता. म्हणूनच त्यांच्या कादंबरीत माणूस बोलताना त्याच्या खिशात किती आहे हे आपल्याला नेहमी कळतं.

इथपर्यंत मी लेविनबद्दलच बोललो, कारण दार तिथं आहे. पण त्या दारानं आत गेल्यावर ॲनाची गोष्टही वेगळी दिसू लागते. लेविनच्या रानात काम कधी संपत नाही, ॲनाच्या दिवसांत काम उरतच नाही. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईशी समाज सगळे व्यवहार तोडतो. व्रोन्स्की क्लबात जाऊ शकतो, ती नाटकालाही जाऊ शकत नाही. गेली तर शेजारच्या बॉक्समधली बाई उठून निघते. मुलगा भेटत नाही. मग फक्त एक माणूस उरतो, आणि एका माणसावर अख्खं आयुष्य तोलून धरलं की ते कसं कलतं, हे टॉलस्टॉय दिवस-दिवस, तास-तास दाखवत जातात.

हे दाखवण्याचं त्यांचं तंत्र थक्क करतं. घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग ते दोनदा सांगतात. एकदा व्रोन्स्कीच्या खोगिरावरून: वेग, चिखल, अडथळे, आणि त्याच्याच एका चुकीच्या हालचालीनं पाठ मोडलेली घोडी फ्रू-फ्रू. मग काटे मागं फिरवून तीच शर्यत प्रेक्षकांत बसलेल्या ॲनाच्या चेहऱ्यावरून, आणि तो चेहरा पाहणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या नजरेतून. घोडी पडलेली आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून आता आपण शर्यत पाहतच नाही; आपण एका नवऱ्याला सत्य कळताना पाहतो. एका शिकारीच्या प्रकरणात तर लास्का नावाच्या कुत्रीच्या नाकानं सगळं चालतं. मालक चुकीच्या दिशेला जा म्हणतोय हे तिला कळतं, आणि आपल्यालाही.

एवढ्या २३९ प्रकरणांत नाव फक्त एकाला आहे: 'मृत्यू'. लेविनचा भाऊ निकोलाय एका कळकट हॉटेलात क्षयानं मरतो ते हे प्रकरण. शिकलेला, विचारी लेविन त्या खोलीत गोठून जातो. त्याची कोवळी बायको किटी मात्र बाही सरसावते, चादरी बदलते, औषध लावते, उशी नीट करते. मरणाबद्दल तिनं एकही ग्रंथ वाचलेला नाही, पण मरणाऱ्या माणसाजवळ काय करायचं हे तिला कळतं. आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी तिला दिवस गेल्याचं डॉक्टर सांगतात.

ॲना आणि लेविन अख्ख्या कादंबरीत एकदाच भेटतात, तेही सातव्या भागात, एका संध्याकाळपुरते. दोन कथा एकत्र कशाला, अशी टीका तेव्हाही झाली. टॉलस्टॉयनी १८७८ साली रचिन्स्की यांना लिहिलेल्या पत्रात याचं उत्तर दिलं. त्यांचा आशय असा, की कमान अशी बांधली आहे की तिचा मधला दगड कुठं आहे ते दिसू नये, आणि याचाच आपल्याला अभिमान वाटतो.

ॲनाच्या मरणानंतर आठवा भाग येतो. मासिकाचे संपादक कात्कोव्ह यांनी तो छापायला नकार दिला, कारण सर्बियाच्या युद्धाला निघालेल्या स्वयंसेवकांबद्दल टॉलस्टॉय त्यात जे बोलतात ते त्यांना मान्य नव्हतं. टॉलस्टॉयनी तो १८७७ मध्ये वेगळा छापला. मोठमोठे तत्त्वज्ञ वाचून थकलेला, जगावं कशाला या प्रश्नानं इतका पछाडलेला की स्वतःपासून दोर लपवून ठेवणारा लेविन इथं खळ्यावर उभा आहे. मळणी चालू आहे, धूळ उडतेय. फ्योदोर नावाच्या मजुराशी तो सहज बोलतो, तेही जमिनीच्या खंडाबद्दल. अमुक रान गेल्या वर्षी अमक्याला परवडलं, मग फोकानिच ते का करत नाही? फ्योदोर सांगतो, खंड फार पडतो, आणि ज्याला परवडतं तो माणसं पिळून काढतो. फोकानिच कुणाची कातडी सोलत नाही, उधार देतो, सोडून देतो. तो आत्म्यासाठी जगतो, देवाची आठवण ठेवतो. खंड, उधारी आणि परवडणं यांच्या बोलण्यातून लेविनला हवं ते मिळतं, आणि तो धावतच खळ्याबाहेर पडतो.

थोड्या वेळानं घरची गाडी त्याला न्यायला येते. आता आपण कुणाशी भांडणार नाही, सगळ्यांशी मायेनं वागू, असं ठरवत लेविन लगाम हातात घेतो. गाडीवान म्हणतो, जरा उजवीकडं घ्या, पुढं बुंधा आहे. लेविन त्याच्यावर खेकसतो, मला शिकवू नकोस.